श्रीखंडाचा साप

११ जानेवारी, रविवार. आठवडाभर धुकं होतं, आज ऊन पडलंय, म्हणून गच्चीवर चटई टाकून मटार सोलायला बसले आहे. फरीदाबादला या दिवसांत मटार पोत्यानं येतो आणि इथल्या सगळ्या बायका तो सोलून, उकळत्या पाण्यातून काढून उन्हाळ्यासाठी फ्रीजरमध्ये भरतात. मीही भरते. समोर सासूबाई बसल्या आहेत. त्या सोलतात त्यातले निम्मे दाणे परातीत पडतात, निम्मे तोंडात. मटारात साखर असते हे त्यांना माहीत आहे. किती असते तेही माहीत आहे. हे ज्यांनी त्यांना शिकवलं, त्यांच्यावर मला दोन पानं लिहून द्यायची आहेत.

सकाळी दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळातून फोन आला. सर दिल्ली सोडून मुलीकडे कोल्हापूरला कायमचे गेले, तेव्हा यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर काहीतरी यायला हवं.

"ताई, जरा हृद्य लिहा हं," फोनवरची मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, "हृद्य मला जमत नाही. जे झालं ते लिहीन."

"बिल्कुल. चलेगा."

सासूबाईंनी ऐकलंच. "लिही," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी जिंकले होते, ते आधी लिही."

आधी नाही येणार. पण येईल.

सर सगळे म्हणायचे, पण त्यांनी कधी कुठे शिकवलं नव्हतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले. करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला. निवृत्तीनंतर त्यांना मधुमेह निघाला आणि एका सरकारी दवाखान्यानं त्यांना 'आहार मार्गदर्शन' नावाच्या व्याख्यानाला बसवलं. तिथून आले ते थेट मंडळाच्या बैठकीत येऊन उभे राहिले.

"पडद्यावर चित्रं होती, बाई बोलत होत्या, आणि सगळे रुग्ण झोपले होते," ते म्हणाले. "मीही झोपलो. उठलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या, म्हणून मीही वाजवल्या. अशानं कुणाची साखर उतरणार?"

कुणीतरी विचारलं, मग कशानं उतरेल?

"खेळानं. मला महिन्यातला एक रविवार द्या."

आमच्या मंडळात रविवार मागणारे लोक कमी. बहुतेकांना मंडळाकडून फक्त गणपतीतला पास हवा असतो. त्यामुळे तो रविवार त्यांना मिळाला. मी तेव्हा मंडळाची सहसचिव होते. पद ऐकायला बरं वाटतं, पण काम म्हणजे हॉलची किल्ली सांभाळणं आणि खुर्च्या लावून घेणं. सरांच्या खेळात मी कधी उतरले नाही. सगळेच खेळायला लागले तर खुर्च्या कोण लावणार?

त्यांची पहिली निर्मिती म्हणजे सापशिडी. पटावरची नव्हे, जमिनीवरची. निवडणुका संपल्या की दिल्लीत फ्लेक्सना कुणी विचारत नाही. सरांनी तसला एक भलामोठा फ्लेक्स मिळवला, उलटा केला आणि नकाशाच्या हातानं त्यावर शंभर घरं आखली. सोंगट्या नाहीत, माणसंच सोंगट्या. फासा म्हणजे उशीएवढा स्पंजचा ठोकळा. शिड्यांवर ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, जेवणानंतरचं चालणं. सापांच्या तोंडात जिलबी, छोले-भटुरे, उपासाची साबुदाण्याची खिचडी. नव्वदीच्या पुढे सगळ्यात लांब साप होता, पिवळा, केशराच्या काड्या लावलेला. तो श्रीखंडाचा. त्याच्या तोंडात सापडलं की थेट सातव्या घरात. फ्लेक्सच्या कडेला मागच्या बाजूनं कुणा उमेदवाराचे जोडलेले हात पुसटसे दिसायचे. सर म्हणायचे, "असू देत. जेवायच्या आधी हात जोडलेले बरे."

एकदा मंडळातले एक निवृत्त जॉइंट सेक्रेटरी त्या श्रीखंडावर पोचले. गृहस्थ जन्मभर वर चढलेले. सातव्या घरात जा म्हटल्यावर ते जागचे हलेनात.

"हा नियम कुठे लिहिलाय?" त्यांनी विचारलं.

"साप काढलाय, साहेब. साप म्हणजेच नियम."

"चित्र हे प्रमाण धरता येत नाही. शिवाय मी श्रीखंड खाल्लेलं नाही. मी फक्त तिथे उभा आहे."

"रक्ताला हे कळलं असतं तर काय हवं होतं," सर म्हणाले.

साहेबांची नात कडेला उभी होती, ती ओरडली, "आजोबा, नीचे आओ ना यार, बाकी लोग भी खेल रहे हैं." साहेब खाली आले नाहीत. खेळ संपेपर्यंत त्या सापाच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभे राहिले, आणि बाकीचे त्यांना वळसा घालून जात राहिले. जाताना त्यांनी मला सांगितलं की पुढच्या वेळी नियमावली लेखी हवी. आणि पुढच्या वेळी ते सगळ्यांच्या आधी आले.

माणूस भेटला की सर आधी त्याच्या पायांकडे बघत, मग चेहऱ्याकडे. मधुमेही माणसाला पायाची जखम कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत, पण पाय बघत. गुरुग्रामला एका लग्नाच्या स्वागत समारंभात त्यांनी वधूपित्याला सोफ्यावर बसवून मोजडी काढायला लावली होती. फोटोवाला थांबून राहिला. मागे रांग वाढत गेली. सर टाचेला बोट लावून विचारत होते, "हे जाणवतं? आणि इथे?" वधूपिता रडवेला झाला होता, पण तो मुलगी सासरी जाणार म्हणून, असं पाहुण्यांनी धरून चाललं.

'कशा आहात' हा प्रश्न त्यांना मान्य नव्हता. "त्याचं उत्तर सगळे खोटंच देतात," ते म्हणत. ते विचारत, "काय खाल्लंत?" त्याचंही सगळे खोटंच देत, पण हे त्यांना फार उशिरा कळलं.

पदार्थांना त्यांनी नाती लावली होती. भात हा जावई. आला तर मान द्यायचा, पण रोज बोलवायचा नाही, आणि आला तर एकदाच वाढायचं. पालेभाजी ही सून. सगळं घर तिच्यावर चालतं आणि कौतुक दुसऱ्याचंच होतं. साबुदाणा म्हणजे टिळा लावून आलेला लबाड मामा. फळाचा रस म्हणजे परदेशातली भाची, दिसायला गोड, पण आली की घरातलं सगळं गणित बिघडवून जाते. बायका हे ऐकून लोटपोट हसत. मी एकदा विचारलं, "सून म्हणजे पालेभाजी, तर सासू म्हणजे काय?"

सरांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"सासू म्हणजे कारलं," ते म्हणाले. "औषधी असतं."

सासूबाई खूश झाल्या. त्यांना फक्त 'औषधी' ऐकू आलं.

सासूबाईंचं इथे सांगायला हवं. त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरांचा तक्ता फ्रीजवर लावला तर त्यावर त्या दुधाचा हिशेब लिहीत. मी काही बोलले की म्हणत, "तू ऑफिसात साहेब असशील." पण त्यांचा एक गुण असा की त्यांना हरणं सहन होत नाही. सरांचे खेळ सुरू झाले आणि त्या अभ्यासाला लागल्या. कुठल्या डाळीत काय, कुठलं फळ किती, गुळात आणि साखरेत फरक किती थोडा, सगळं तोंडपाठ. रविवारी भल्या सकाळी तयार होऊन दाराशी उभ्या. मेट्रो बदलून करोल बागेतल्या हॉलवर जायचं, तर वाटेत मी त्यांना प्रश्न विचारायचे, असा दंडक.

बक्षीस म्हणून सर भाजी देत. पहिल्या नंबराला रिबीन बांधलेला दुधी भोपळा, दुसऱ्याला मुळा. आमच्या घरी त्या वर्षांत दुधी कधी विकत आणावा लागला नाही.

आणि घरी त्या अगदी पूर्वीसारखंच खात.

"आई, काल तुम्हीच तर सांगितलंत ना, रात्री दोन वाट्या भात नको म्हणून?"

"ते तिकडचं झालं. हे घर आहे."

सर त्यांच्यावर खूश होते. सगळ्यांना सांगत, "बघा, या वयात कसं आत्मसात केलंय." दर तीन महिन्यांनी सासूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट मी आणत होते, सर नव्हते आणत.

सरांना मात्र यश चढत गेलं. हॉलमध्ये साखर येणं त्यांनी बंद केलं. चहा बिनसाखरेचा, आणि तो कोरा. स्वयंपाकघरातला साखरेचा डबा त्यांनी स्वतः धुऊन त्यात दालचिनी भरली. गणपतीत प्रसादाला काकडी आणि ओलं खोबरं. गुरुजी आरती झाल्यावर ताट बघून म्हणाले, "बाप्पाला डॉक्टरनं सांगितलंय का?" आणि दक्षिणा घेऊन न जेवता गेले. सरांनी टेबलावर एक प्रदर्शनही मांडलं होतं. काचेच्या बरण्यांत पांढरे ढीग, वर चिठ्ठ्या: एका थंड पेयातली साखर, एका डब्यातल्या ज्यूसमधली साखर, एका पार्टीतली साखर. शेवटची बरणी लोणच्याची होती, एवढी मोठी.

आणि मग पर्स-तपासणी. ही कल्पना त्यांना कुठून सुचली कोण जाणे. कार्यक्रम रंगात आला की ते झोळीतून पितळी घंटा काढून वाजवत आणि माइकवर अगदी गंभीर आवाजात विचारत, "कुणाकडे काही गोड आहे का?" पहिल्यांदा एका भोळ्या बाईनं हात वर केला. तिच्याकडे लिमलेटच्या गोळ्या होत्या. तिला वजा दहा गुण मिळाले आणि खेळ संपेपर्यंत श्रीखंडाच्या सापाजवळ उभं राहावं लागलं. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या वेळी सर म्हणाले, "आज खेळ नाही हं, खरंच हवंय, माझ्या घशाला कोरड पडलीय." एका काकांनी दयेनं चिक्की काढली. वजा दहा, सापाजवळ. तिसऱ्या वेळेपासून घंटा वाजली की सगळा हॉल एका सुरात म्हणायचा, "नाही." सर घंटा झोळीत ठेवायचे आणि समाधानानं मान हलवायचे. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांनी सांगितलं की आपलं मंडळ आता गोडमुक्त झालं आहे. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्या कितीतरी हातांत पर्स होत्या.

आता तो दिवस.

डिसेंबरचा शेवट होता. सरांनी नवी स्पर्धा जाहीर केली होती: कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांची साखर तपासायची, ज्याचा आकडा सगळ्यात खाली त्याचा पहिला नंबर. मी त्यांना म्हटलं होतं, "सर, खाली म्हणजे किती खाली?" ते म्हणाले, "आपल्याकडे वर जाण्याचा प्रश्न आहे हो. खाली जाणारा कुणी दाखवा, मी त्याचा सत्कार करतो." मी किल्ली सांभाळणारी बाई. जास्त बोलले नाही.

सासूबाईंनी सकाळची गोळी घेतली आणि नाश्ता घेतला नाही. पोह्यांची बशी माझ्यासमोरून घेऊन त्या बाल्कनीत गेल्या आणि बशी रिकामी परत आली. पोहे कबुतरांनी खाल्ले होते, हे मला नंतर कळलं.

हॉलमध्ये त्या दिवशी सगळे शाली-स्वेटर गुंडाळून बसले होते. दुपार व्हायला आली तरी तोंडातून वाफ निघत होती. सरांनी बसवलेली शेवटची नाट्यछटा चालू होती, त्यात सासूबाई डॉक्टरची भूमिका करत होत्या. मध्येच त्यांनी एक वाक्य दोनदा म्हटलं. मग रुग्ण झालेल्या काकांना उगाच रागावल्या, मग हसल्या, आणि मला बघून म्हणाल्या, "कुसुमताई, दार लाव, गाय आत येईल." कुसुमताई त्यांची थोरली बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली.

हॉल हसून लोळत होता. कुणीतरी शिट्टी वाजवली. सरही माइकवरून म्हणाले, "वा, आई आज काय रंगात आहेत." आणि मग ते एकदम थांबले. त्यांना सासूबाईंच्या कपाळावरचा घाम दिसला. त्या थंडीत पदर ओला झाला होता.

"खुर्ची," ते म्हणाले. "साखर. लवकर साखर आणा."

मी स्वयंपाकघरात धावले. दालचिनी. परत धावत आले आणि टेबलावरची ती लोणच्याची बरणी उचलली. झाकण चिकटवलेलं होतं. फोडायला वर उचलली तर सरांनी माझा हात धरला.

"ती नको. ते मीठ आहे."

"काय?"

"सगळ्या बरण्यांत मीठ आहे. मुंग्या येत होत्या हो."

हॉलखाली दुकानं होती, पण ती कपड्यांची, दागिन्यांची आणि गाडीच्या आरशांची. एक जण जिन्यावरून खाली पळाला. तेवढ्यात सासूबाईंची मान कलायला लागली. सरांनी माइक घेतला.

"कुणाकडे काही गोड आहे का?"

सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "नाही."

"अहो, खेळ नाही हा."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात," मागून कुणीतरी म्हटलं. पुन्हा हशा.

सर माइक तोंडाशी धरून उभे होते. त्यांच्याकडे तिसरं वाक्य नव्हतं. जी दोन होती ती त्यांनी आधीच खेळात वापरून टाकली होती.

मी बोलत बसले नाही. पहिल्या रांगेत आमच्या खजिनदार बाई होत्या, त्यांच्या मांडीवरून पर्स उचलली, चेन उघडली आणि टेबलावर उलटी केली. किल्ल्या, चष्मा, रुमाल आणि पेढ्यांचा पुडा, अर्धा संपलेला.

हसणं थांबलं. मग हॉलमध्ये सगळीकडून एकच आवाज यायला लागला, चेन उघडण्याचा. कुणी चिक्की आणली, कुणी सोनपापडी, कुणी टॉफ्या. एका बाईनं ब्लाउजमधून खडीसाखर काढली. जॉइंट सेक्रेटरी साहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशातून तीळगुळाची गजक निघाली, व्यवस्थित कागदात बांधलेली. गुरुग्रामची एक तरुण मुलगी होती, कुठल्याशा मोठ्या कंपनीतली, तिच्याकडे कॉफीच्या दुकानातून उचललेल्या साखरेच्या पुड्या होत्या. त्या कामाला आल्या. मान टाकायला आलेल्या माणसाला पेढा चारता येत नाही. मी दोन-तीन पुड्या गरम पाण्यात विरघळवल्या आणि अजून गिळता येतंय हे बघून चमच्याचमच्यानं घातलं. सर गुडघ्यावर बसून त्यांचं डोकं धरून होते.

थोड्या वेळानं सासूबाईंनी डोळे नीट उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"माझा आकडा किती आला?" त्यांनी विचारलं.

पाणी पाजायच्या आधी सरांनी त्यांच्या बोटाला सुई लावली होती. यंत्र अजून त्यांच्या हातात होतं. त्यांनी आकडा सांगितला. मी आणखी एक पुडी पाण्यात रिकामी केली.

"मग सगळ्यात खाली माझाच ना?"

जॉइंट सेक्रेटरी साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे बक्षीस त्यांचंच होतं." त्यांनी स्वतः दुधी उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

मी टॅक्सी बोलावली. निघताना वळून पाहिलं तर सर टेबलाजवळ उभे होते. टेबलावर तो सगळा ढीग, आणि त्याच्या मागे त्यांच्या मिठाच्या बरण्या.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होते.

खजिनदार बाई किल्ल्या पर्समध्ये भरत होत्या. "तुम्ही विचारलंत कधी, सर?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर पकडत होतात."

दवाखान्यात त्यांनी सासूबाईंना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं दुधी बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "नाश्ता नहीं, तो गोली नहीं. इतनी सी बात है, आंटी." सासूबाई त्याला म्हणाल्या, "हमको मालूम है. हम सबको सिखाते हैं." तो हसला. मी नाही हसले. टॅक्सीत बसेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. घर जवळ आल्यावर त्यांनी कबुतरांचं सांगितलं. आपणहून. तशी दुसरी कुठलीच गोष्ट त्यांनी मला तोवर आपणहून सांगितलेली नव्हती. त्यानंतर सांगतात. सगळं नाही, पण सांगतात.

सरांच्या खेळांत पुढे पुष्कळ बदल झाले. पर्स-तपासणी राहिली, पण आता जो खरं सांगेल त्याला अधिक दहा गुण. परिणाम असा झाला की लोक गुणांसाठी घरून मिठाई घेऊन येऊ लागले. एका रविवारी तर एक काका अख्खा घेवर घेऊन आले आणि विजयी मुद्रेनं बसले. सरांनी ते कौतुकानं चालवून घेतलं. हॉलच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा परत आला. बरण्यांत खरी साखर आली, आणि मुंग्याही आल्या. खाली जाणाऱ्या आकड्याचा सत्कार पुन्हा झाला नाही. हे सगळं ते गेल्या वर्षी दिल्ली सोडेपर्यंत चालू होतं.

पण ते चालू राहील असं त्या रविवारी वाटत नव्हतं. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर सरांचा संदेश येऊन पडला होता: "कार्यक्रम आजपासून बंद. झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी." खाली दिलगिरीचे हात आणि रडकी तोंडं लागली होती. थांबा असं मात्र कुणी लिहिलं नव्हतं. लिहिणार कसं? ज्याच्या त्याच्या पर्समधलं त्या टेबलावर पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना पोहे दिले, शेवटचा घास जाईपर्यंत समोर बसले, मग गोळी दिली. नवऱ्यानं रजा घेतली होती, त्याला घरी बसवलं आणि ऑफिसला जायच्या आधी करोल बागेला उतरले. टेबल तसंच टाकून आलो होतो. खवा उघड्यावर राहिला असता तर उंदीर झाले असते, आणि उंदरांबद्दल सगळे मलाच बोलले असते.

किल्ली काल सरांकडेच राहिली होती, त्यामुळे हॉलचं दार उघडंच होतं. सर कपाट रिकामं करत होते. फ्लेक्स गुंडाळून दोरीनं बांधला होता, फासा कचऱ्याच्या पिशवीत कोंबला होता.

"आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"पोहे खाऊन गोळी घेतलीय. शेजारणीला दुधी दाखवतायत."

मी पिशव्या काढल्या आणि म्हटलं, "सर, मला ऑफिस आहे. हे जरा वेगळं करून द्या. खव्याचं फेकायचं, टिकाऊ ते ठेवायचं. आणि साखरेच्या पुड्या यंत्राच्या पेटीत, रक्त तपासायच्या पट्ट्यांच्या शेजारी. पुन्हा कधी लागल्या तर शोधत बसायला नको."

ते आले आणि खुर्ची ओढून बसले. मग वेगळं करायला लागले. चिक्की इकडे, टॉफ्या तिकडे. मी पेढे पिशवीत टाकत होते. सोनपापडीचा डबा हातात आला तसे ते थांबले. एक चौकोनी तुकडा दोन बोटांत धरून त्यांनी उजेडाकडे नेला, नकाशावरचं गाव बघावं तसा. मग माझ्याकडे न बघता, जरा चाचरतच, विचारलं, "सहज विचारतो हं. या एवढ्याशा तुकड्यात किती चमचे असतील, तुम्हाला काय वाटतं?"

दर महिन्याला मेट्रोत हाच प्रश्न मी सासूबाईंना विचारत आले होते. उत्तर मला पाठ होतं.

मी हातातली पिशवी खाली ठेवली, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि चुकीचं सांगितलं.